पडक्या कारखान्याचा फोटो : नुसतं चित्र की पुरावा?

मागच्या आठवड्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची एक ज्युनिअर लॅबमध्ये आली. मोबाइलमध्ये एका बंद पडलेल्या कारखान्याचे शंभरएक फोटो होते. फुटलेल्या काचांतून येणारा तिरका उजेड, गंजलेली क्रेन, फरशीतून वर आलेलं पिंपळाचं रोप. म्हणाली, "ताई, यावर काही रिसर्च होईल का?"

फोटो खरंच सुंदर होते. पण मी तिला तोच प्रश्न विचारला, जो तीन वर्षांपूर्वी माझ्या गाइडनी मला विचारला होता. "यातले किती फोटो तू आवडले नसताना काढलेस?"

ती गप्प. मीही तेव्हा अशीच गप्प झाले होते. माझी पीएचडी काँक्रीटमधल्या सळईच्या गंजण्यावर आहे, त्यामुळे पडक्या इमारती हे माझं रोजचं खाद्य. आणि या एका प्रश्नाचं उत्तर वेळेवर न सुचल्यामुळे माझा एक अख्खा डेटासेट वाया गेला. ती गोष्ट पुढे सांगते. आधी एक असा कारखाना घेऊया, ज्याचे फोटो जगात सगळ्यात जास्त काढले गेलेल्या पडक्या कारखान्यांत मोडतील. अमेरिकेतल्या डेट्रॉईटचा पॅकार्ड मोटारींचा कारखाना.

मी डेट्रॉईटला कधी गेलेले नाही, आणि आता गेले तरी तो कारखाना बघायला मिळणार नाही. २०२२ मध्ये सुरू झालेलं पाडकाम २०२४ च्या अखेरीस संपलं. म्हणजे आता या इमारतीबद्दल जे काही शिकायचं ते कागद, माणसं आणि फोटो यांच्याकडूनच. म्हणून तर फोटो कसा काढला, हा प्रश्न महत्त्वाचा.

आधी ओळख

पॅकार्ड ही त्या काळातली महागड्या, श्रीमंती गाड्यांची कंपनी. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या रस्त्यावरचा तिचा कारखाना १९०३ मध्ये सुरू झाला. वास्तुरचनाकार होते अल्बर्ट कान, पुढे अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांची रूपरेषाच ज्यांनी ठरवली ते. इथल्या पहिल्या नऊ इमारती जुन्या पद्धतीच्या होत्या. दहावी इमारत मात्र १९०५ मध्ये सळई घातलेल्या काँक्रीटची, म्हणजे आपण ज्याला आरसीसी म्हणतो त्याची बांधली गेली. त्यातली सळईची पद्धत अल्बर्ट यांचे धाकटे भाऊ ज्युलियस कान यांनी विकसित केली होती.

मोटार कारखान्याला याचा फायदा काय? विटांच्या जाड भिंतींवर वजन तोलायचं तर खिडक्या लहान ठेवाव्या लागतात. आरसीसीच्या चौकटीत वजन खांब आणि तुळया पेलतात. मग दोन खांबांमध्ये भिंतभर खिडकी लावता येते, खांब लांब लांब ठेवता येतात, आणि लाकडी इमारतीपेक्षा आगीची भीतीही कमी. उजेड आला, मोकळी जागा आली. आज आपल्याला फोटोत जो 'सुंदर तिरका उजेड' दिसतो, तो मुळात कामगाराला स्क्रूचे आटे नीट दिसावेत म्हणून आत घेतलेला उजेड आहे. हे एवढं कळलं तरी फोटो वेगळा दिसायला लागतो.

हा पसारा वाढत वाढत सुमारे ३५ लाख चौरस फुटांपर्यंत गेला. दुसऱ्या महायुद्धात पॅकार्डने रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन परवान्यावर बनवलं, ५५ हजारांहून जास्त नग. युद्धानंतर मात्र मोठ्या कंपन्यांपुढे टिकाव लागेना. १९५४ मध्ये स्टुडबेकरबरोबर विलीनीकरण झालं, गाड्यांची जुळणी याच शहरातल्या दुसऱ्या कारखान्यात हलली आणि १९५६ मध्ये पॅकार्डचं डेट्रॉईटमधलं उत्पादन थांबलं.

पहिला सापळा : 'बंद पडला' म्हणजे नक्की कधी?

आता तुमच्यासमोर या कारखान्याचा २०१० च्या आसपासचा एखादा फोटो आहे असं समजा. छत कोसळलंय, खांबांच्या सळया उघड्या पडल्यात. खाली ओळ लिहिलेली : '१९५६ मध्ये बंद पडलेला कारखाना'. तुम्ही मनात काय गणित करता? २०१० वजा १९५६, म्हणजे ५४ वर्षं दुर्लक्ष, आणि त्या ५४ वर्षांचा हा परिणाम.

हे गणित चुकीचं आहे. उत्पादन थांबलं तरी इमारत रिकामी झाली नव्हती. गोदामं आणि छोटे धंदे भाड्याने तिथे होते, ते थेट १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत. त्याच दशकात इथल्या मोकळ्या मजल्यांवर टेक्नो संगीताच्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या झाल्या. पन्नासहून जास्त वर्षं तिथेच बसलेला एक रसायनांचा छोटा उद्योग तर २०१० पर्यंत टिकून होता. म्हणजे फोटोग्राफर मंडळी 'ओसाड अवशेष' टिपत होती, तेव्हा त्याच आवारात कुणीतरी सकाळी कुलूप उघडून कामाला बसत होतं.

मग एवढी पडझड कशाने झाली? हवा, पाणी, थंडी यांनी झालीच. पण माणसांनीही केली. भंगार चोरांनी तांब्याच्या तारा, पाइप, लोखंड काढून नेलं. आगी लागल्या, लावल्या गेल्या. २००९ मध्ये तर काही पोरांनी एक जुना ट्रक वरच्या मजल्यावरून खाली ढकलून दिला आणि त्याचा व्हिडिओही केला. म्हणजे '५४ वर्षांच्या निसर्गाचा परिणाम' म्हणून आपण जे बघतो, त्यातला मोठा भाग शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत माणसांच्या हातून झालेला असू शकतो.

संशोधनाच्या भाषेत : फोटो परिणाम दाखवतो, कारण दाखवत नाही. आणि एकच फोटो असेल तर वेगही दाखवत नाही. वेग काढायला निदान दोन वेगवेगळ्या तारखांचे, एकाच जागेवरून काढलेले फोटो लागतात. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, व्हायव्हाला कामी येईल.

फोटोतून विज्ञान किती वाचता येतं?

बरंच वाचता येतं, पण अंदाज म्हणून. माझ्या विषयातलं उदाहरण देते.

नवीन काँक्रीट आतून तीव्र अल्कधर्मी असतं, पीएच साधारण १२.५ ते १३. एवढ्या पीएचला सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तो लोखंडाला गंजण्यापासून वाचवतो. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, काँक्रीटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होते आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. याला कार्बोनेशन म्हणतात. पीएच ९ च्या आसपास किंवा खाली गेला की तो संरक्षक थर टिकत नाही. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की सळई गंजू लागते.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, प्रकारानुसार दुपटीपासून सहापटीपर्यंत. काँक्रीट दाब छान सहन करतं, ताण नाही. मग सळईला समांतर तडा जातो आणि एक दिवस वरचा पापुद्रा ढलप्यासारखा सुटून खाली पडतो. डेट्रॉईटसारख्या ठिकाणी हिवाळ्यात आणखी एक भर : तड्यात शिरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि तडा रुंदावतो. खिडक्या फुटलेल्या आणि छताचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असेल, तर आतल्या खांबांनाही हे सगळं भोगावं लागतं.

यात एक छोटं गणित आहे. कार्बोनेशनची खोली ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा पहिल्या १६ वर्षांत ते १० मिलिमीटर आत गेलं, तर २० मिलिमीटरला पोचायला ६४ वर्षं लागतील, ३२ नाही. म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण दुप्पट केलं की संरक्षणाचा काळ चौपट होतो. साइटवर मिस्त्री सळईखाली ते छोटे कव्हर ब्लॉक ठेवतो ना, त्यामागे हे वर्गमूळ आहे.

आता पॅकार्डच्या एखाद्या फोटोत खांबाचा कोपरा सुटलेला आणि आतली सळई तांबूस दिसते. यावरून काय म्हणता येईल? 'सळई गंजली आहे आणि आवरण सुटलं आहे', एवढं नक्की. 'कार्बोनेशनमुळे गंजली' हे म्हणता येत नाही. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठातले क्लोराइड असतील, आगीची आच असेल, किंवा कुणी सळईच कापायला घण मारला असेल. फोटोत या सगळ्यांचा रंग एकच, तांबूस.

दुसरा सापळा : चौकटीबाहेर काय राहिलं?

पॅकार्ड आणि एकूणच डेट्रॉईटच्या अवशेषांवर मोठमोठी छायाचित्रांची पुस्तकं निघाली. इव्ह मार्शां आणि रोमँ मेफ्र यांचं 'द रुइन्स ऑफ डेट्रॉईट' आणि अँड्र्यू मूर यांचं 'डेट्रॉईट डिसअसेम्ब्ल्ड', दोन्ही २०१० ची. तांत्रिकदृष्ट्या उत्तम काम. पण अशा प्रकारच्या फोटोंवर त्याच सुमारास टीकाही सुरू झाली आणि त्यासाठी 'रुइन पॉर्न' असा जरा झोंबणारा शब्द रूढ झाला. टीकेचा मुद्दा साधा होता : या फोटोंत माणसं नाहीत. शहर मेलंय असं वाटतं. प्रत्यक्षात डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० च्या साडेअठरा लाखांवरून २०१० मध्ये सुमारे ७ लाख १३ हजारांवर आली होती हे खरं, पण ७ लाख म्हणजे 'कुणी नाही' असं नव्हे.

आणि रिकाम्या मजल्याच्या फोटोत इतिहासही दिसत नाही. जून १९४३ मध्ये याच कारखान्यात तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती दिली म्हणून सुमारे २५ हजार गोऱ्या कामगारांनी काम बंद पाडलं होतं. ऐन महायुद्धात, विमानांची इंजिनं बनत असताना. त्यानंतर काही आठवड्यांतच शहरात मोठी वांशिक दंगल झाली. तो मजला, ते खांब फोटोत आहेत. हे कशातच नाही. ते कळायला दप्तरात जावं लागतं, माणसांशी बोलावं लागतं.

उलटं उदाहरणही आहे. कॅमिलो होजे व्हर्गारा हे छायाचित्रकार १९७० च्या दशकापासून अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या त्याच त्या जागांवर पुन्हा पुन्हा जाऊन फोटो काढत आले. एकच कोपरा, दर काही वर्षांनी. त्यातले कित्येक फोटो वेगळे काढून बघितले तर अगदी साधे वाटतील, भिंतीवर लावावेत असे नाहीत. पण ओळीने मांडले की ते मोजमाप होतात. इमारत पडताना दिसते, तिथे कुणी नवीन दुकान टाकताना दिसतं, झाड वाढताना दिसतं.

पॅकार्डच्या दोन किस्स्यांवर मात्र मी अजून विचार करते. रस्त्यावरून आडवा जाणारा कारखान्याचा एक पूल होता, जवळपास प्रत्येकाने ज्याचा फोटो काढला असा. २०१५ मध्ये तेव्हाच्या मालकांनी त्या पडक्या पुलाभोवती एक मोठं छापील कापड गुंडाळलं, आणि त्यावर चित्र होतं त्याच पुलाचं, पूर्वीच्या चांगल्या दिवसांतलं. आत गंज, बाहेर गंज नसल्याचा फोटो. जानेवारी २०१९ मध्ये तो पूल रस्त्यावर कोसळला.

दुसरा किस्सा बँक्सीचा. २०१० मध्ये या आवारातल्या एका भिंतीवर बँक्सी या प्रसिद्ध भित्तिचित्रकाराचं चित्र उमटलं : हातात रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला मुलगा, बाजूला पूर्वी इथे झाडं होती अशा अर्थाची ओळ. एका स्थानिक कलासंस्थेने ती भिंतच कापून गॅलरीत नेली, त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि २०१५ मध्ये ती लिलावात १ लाख ३७ हजार ५०० डॉलरला विकली गेली. गंमत बघा, २०१३ च्या लिलावात अख्खा कारखाना गेला होता ४ लाख ५ हजार डॉलरला! चित्र वाचलं असं म्हणा हवं तर. पण 'इथे पूर्वी' यातलं 'इथे' मात्र गेलं. नमुना त्याच्या जागेवरून उचलला की त्याच्या अर्थाचा एक भाग मागेच राहतो. भूशास्त्र, पुरातत्त्व, जीवशास्त्र, कुठल्याही फील्डवर्कमध्ये हे खरं आहे.

आता माझी फजिती

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला एका बंद कारखान्यात जायची परवानगी मिळाली. वाहनांचे सुटे भाग बनवायचे तिथे. नाव सांगत नाही, गरजही नाही. दोन दिवसांत मी ४१२ फोटो काढले. एका ओळीतले तीन खांब भयंकर गंजलेले होते, ढलपे सुटलेले. मी खूश, कारण कार्बोनेशनची केस समोर उभी होती.

सुटलेल्या एका ढलप्याचा ताजा तुकडा पाडून त्यावर फिनॉल्फ्थलीन फवारलं. पीएच जास्त असेल तिथे हे द्रावण गडद गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेल्या भागात बिनरंगाचं राहतं. मला बिनरंगाचं अपेक्षित होतं. सळईच्या खोलीवर तुकडा मस्त गुलाबी झाला. म्हणजे तिथपर्यंत कार्बोनेशन पोचलंच नव्हतं. मग सळई गंजली कशी? मी जिथे-तिथे पुन्हा फवारून बघितलं. गुलाबी.

वॉचमन काका बाजूला स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "मॅडम, हे तीन खांब ना? इथंच पिकलिंगची टाकी होती. आमचं पाळीला येणं म्हणजे डोळे चुरचुरायचे नुसते." काका त्याच कारखान्यात बावीस वर्षं कामाला होते. कारखाना बंद झाल्यावर तिथेच राखणीला राहिले.

पिकलिंग म्हणजे पत्र्यावरचा गंज आम्लात बुडवून काढणं. आणि ते आम्ल होतं हायड्रोक्लोरिक. म्हणजे क्लोराइड! क्लोराइड आयन सळईपर्यंत पोचले की पीएच जास्त असतानाही तो संरक्षक थर जागोजागी फोडतात. नंतर सिल्व्हर नायट्रेट फवारून बघितलं, तर क्लोराइड असल्याची पांढुरकी खूण आली. कोडं सुटलं ते काकांच्या एका वाक्याने. माझ्या ४१२ फोटोंतल्या एकाही फोटोत ती टाकी नव्हती, कारण ती कधीच भंगारात गेली होती. आणि एकाही फोटोत काका नव्हते, कारण फ्रेममध्ये येऊ नये म्हणून मीच त्यांना 'जरा बाजूला होता का' म्हटलं होतं.

पुढचं ऐका. लॅबमध्ये येऊन गाइडना फोटो दाखवले, तेव्हा तो प्रश्न आला, किती फोटो आवडले नसताना काढलेस. मी फक्त गंजलेले खांब टिपले होते. चांगल्या खांबांचे फोटो जवळपास नाहीतच. मग 'टाकीजवळचे खांब जास्त गंजले' हे सिद्ध कशाशी तुलना करून करणार? त्यात बऱ्याच फोटोंत पट्टी नाही, म्हणजे तडा दोन मिलिमीटरचा की पाच, सांगता येत नाही. कुठला फोटो कुठल्या खांबाचा, तेही निम्म्यांच्या बाबतीत आठवेना. 'पुन्हा जाऊन काढते' म्हणाले. तारीख मिळायला दीड महिना गेला. गेले तर गेटच्या आत मोकळं मैदान. शेड पाडून झाली होती. काकांची जागाही दुसऱ्या कुणी घेतली होती.

थीसिसमध्ये त्या कारखान्यावर आज फक्त एक परिच्छेद आहे. एक प्रकरण होऊ शकलं असतं.

मग फोटो काढायचे कसे?

आता मी जे करते ते सांगते. यातलं काहीच महागडं नाही.

१. आधी प्रश्न, मग कॅमेरा. 'बघूया काय मिळतं' म्हणून गेलात तर जे देखणं तेच मिळेल. 'टाकीपासून अंतर वाढलं की गंज कमी होतो का?' असा एका वाक्याचा प्रश्न खिशात ठेवा.

२. नियम आधी ठरवा. सगळे खांब, किंवा दर तिसरा खांब, किंवा जमिनीवर दहा-दहा मीटरची चौकट मारून प्रत्येक छेदावर चार दिशांना चार फोटो. तिथे काही दिसो न दिसो, फोटो काढायचाच. कंटाळवाणा फोटो म्हणजेच तुमचा कंट्रोल.

३. प्रत्येक जागेचे तीन फोटो : लांबून, मधून, जवळून. लांबचा फोटो जागा सांगतो, जवळचा तपशील. नुसता जवळचा फोटो म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

४. जवळच्या फोटोत पट्टी ठेवाच. पट्टी आणि कॅमेरा दोन्ही पृष्ठभागाशी नीट समोरासमोर. तिरक्या फोटोतलं माप खोटं. रंगावर काही म्हणायचं असेल तर रंगांचं कार्डही लागेल, कारण सकाळचा आणि संध्याकाळचा गंज फोटोत वेगळा दिसतो.

५. वाइड लेन्स जपून. हॉल असतो त्यापेक्षा भव्य दिसतो, कडेचे खांब वाकतात. एकच फोकल लांबी ठरवून शक्यतो तीच वापरा.

६. त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल, तर लागोपाठच्या दोन फोटोंत ६० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. घाईत हे हमखास विसरतं.

७. वही. फोटोचा क्रमांक, खांबाचा क्रमांक, कॅमेऱ्याची जागा, दिशा, वेळ. मोबाइलच्या जीपीएसवर छताखाली विसंबू नका, भिंती आणि पत्र्यांमुळे ते भरकटतं. हाताने काढलेला नकाशा बरा.

८. मूळ फाइलला हात लावायचा नाही. उजेड-सावली करायची ती प्रतीवर. मूळ फाइल त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या ठिकाणी साठवा.

९. माणसांशी बोला. वॉचमन, चहावाला, जुने कामगार. ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि नाव, फोटो, आवाज वापरायचा तर आधी विचारा. संस्थेच्या एथिक्स कमिटीला हे कळवावं लागतं का, ते जाण्याआधी बघा, आल्यावर नाही.

परवानगी आणि जीव

हे शेवटी लिहितेय, पण करायचं सगळ्यात आधी आहे.

कारखाना बंद असला तरी तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. कुंपणावरून उडी मारून आत जाणं हा आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि 'मी पीएचडी करते' हा बचाव नाही. शिवाय विनापरवाना मिळवलेला डेटा जर्नलमध्ये कसा छापणार? लेखी परवानगी घ्या, गाइडना तारीख कळवा, एकट्याने जाऊ नका.

जुन्या कारखान्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. छताचे सिमेंटचे पत्रे, पाइपांवरची गुंडाळी. फुटलेल्या पत्र्यातले तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क त्यांना अडवत नाही, आणि आजार होतो तो काही दशकांनी. जुन्या रंगात शिसं, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात घातक रसायनं असू शकतात. झाकण चोरीला गेलेले खड्डे, लिफ्टच्या मोकळ्या विहिरी, वरून ठीक आणि खालून पोकळ झालेला स्लॅब. वर सांगितलं तेच पुन्हा : सळई आत किती उरली आहे ते बाहेरून दिसत नाही. पॅकार्डचा पूल पडला तेव्हा सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. तुम्ही ज्या स्लॅबवर उभ्या राहून फ्रेम लावताय तो सुदैवावर सोडू नका. जिथे शंका येईल तिथला फोटो काढायचा नाही, वहीत 'शक्य नाही' असं लिहायचं. ती नोंदसुद्धा डेटाच आहे.

शेवटी, आपल्याजवळचं

हे सगळं दूर अमेरिकेतलं वाटेल, म्हणून एक आठवण. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची सुरुवात डेट्रॉईटच्याच क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून झाली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फिएट आणि मग प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांत टॅक्सीचे फोटोच फोटो होते. त्यात कुर्ल्याच्या जुळणीच्या मजल्याचा फोटो तुम्ही पाहिलात? मी तरी नाही. त्या जमिनीवर आज टॉवर आहेत. टॅक्सी सगळ्यांनी बघितली, ती जिथे जोडली गेली ते छत मोजकेच लोक सांगू शकतील.

आपल्याकडे कारखाना बंद पडणं आणि त्या जागी टॉवर उभा राहणं यांच्यातला काळ थोडाच असतो. पॅकार्डला दशकं मिळाली, मला दीड महिनाही मिळाला नाही. म्हणून गेलात की त्याच दिवशी पूर्ण काम करून या, 'पुन्हा येऊन काढू' हे वाक्य मनातून काढून टाका.

त्या ज्युनिअरला मी एक गृहपाठ दिलाय, तुम्हीही करून बघा. कारखाना नको, आपल्या हॉस्टेलची किंवा सोसायटीची एखादी भिंत घ्या. तीन जागा ठरवा, त्यातली एक अगदी धडधाकट. जमिनीवर खडूने उभं राहायची खूण करा, पट्टी ठेवा, दर पंधरा दिवसांनी त्याच वेळी फोटो काढा. पाऊस संपेपर्यंत. आणि पहिल्याच दिवशी एक प्रश्न सोसायटीच्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा : "इथे आधी काय होतं?"

त्या ओल्या डागामागे कुठली जुनी पाइपलाइन आहे, ते बहुधा त्यांनाच माहीत असेल.